बुडालेलं जहाज समुद्राला काय देतं, काय घेतं

पावसाळ्याआधी घर शाकारताना जुनं मंगलोरी कौल कधी हातात घेतलं असेल, तर त्याच्या पाठीवरचा ठसा तुम्ही पाहिला असेल. कारखान्याचं नाव, गाव, कधी एखादं साल. कौल शेवाळाने काळं पडलेलं असतं, कडेचा टवका उडालेला असतो, पण अंगठ्याने घासलं की अक्षरं बोटाला लागतात. साच्यातच उठवून मग भट्टीत भाजलेली ती अक्षरं शंभर वर्षांनीही पुसली जात नाहीत.

अशीच कौलं गोव्यासमोर समुद्राच्या तळाशी, एका बुडालेल्या जहाजाच्या जागी पडली आहेत. सेंट जॉर्ज रीफ नावाच्या खडकाळ भागात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या पुरातत्त्वज्ञांना बुडी मारून शोध घेताना ती सापडली. आणि छपराच्या कौलांबरोबर आणखी बरंच काही. आढ्यावर बसवायची कौलं, जमिनीच्या लाद्या, सांडपाण्याचे मातीचे नळ, धुराड्याच्या विटा, खांबांच्या माथ्यावर बसवायचे नक्षीदार तुकडे. एखादी इमारत सुटी करून जहाजात भरावी, तसा हा माल. त्यावर ठसा आहे बासेल मिशन टाइल वर्क्सचा आणि १८६५ या सालाचा. मंगळूरच्या त्या कारखान्याची सुरुवात १८६५ची, म्हणजे हे जहाज त्याच्या आधी बुडालेलं असणं शक्यच नाही. एका ठशाने एवढं सांगितलं.

मला या कौलांचं फार अप्रूप वाटतं. सोन्याची नाणी सापडली असती तर बातमी मोठी झाली असती, पण कोकण-गोव्यातली माणसं गवताच्या छपराखालून कौलाखाली कधी आणि कशी आली, हे सांगायला नाणी उपयोगाची नाहीत. ते कौलच सांगणार.

जगाच्या समुद्रतळाशी तीस लाख जहाजं पडलेली असावीत, असा युनेस्कोचा अंदाज आहे. त्यांच्याबद्दल बोलताना हल्ली दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतं, जहाज बुडालं की त्यावर प्रवाळ येतं, मासे येतात, समुद्राचं भलंच होतं. दुसरं म्हणतं, ते पाण्यात टाकलेलं विष आहे. दोन्ही बाजूंना खरी उदाहरणं आहेत. म्हणून मी कुठल्याही बुडालेल्या जहाजाची बातमी वाचली की तीन गोष्टी शोधते: ते कशाचं बनलेलं आहे, त्याच्या पोटात काय आहे आणि ते नेमकं कुठे पडलंय. एवढं कळलं की पुढचं बरंचसं उलगडतं.

आधी कुठे पडलंय ते पाहू. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरचा तळ बहुतेक ठिकाणी चिखल आणि वाळूचा आहे. कालवं, शिणाणे, बार्नेकल, स्पंज, प्रवाळ यांची पिल्लं सुरुवातीला पाण्याबरोबर वाहत असतात आणि त्यांना चिकटायला काहीतरी घट्ट लागतं. चिखलावर चिकटता येत नाही. अशा ठिकाणी लोखंडाचा पत्रा तळाशी बसला, तर माळरानावर एकाएकी वडाचं झाड उभं राहावं तसं होतं. पहिल्या काही तासांतच पत्र्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. बोटीचं बूड किंवा धक्क्याची पायरी हाताळलेल्या कोणालाही तो ओळखीचा आहे. त्या थरावर सूक्ष्म शैवाल येतं, मग बार्नेकल आणि कालवं. त्यांच्या शिंपल्यांनी पृष्ठभाग खडबडीत झाला की फटींत खेकडे, कोळंबी, छोटे मासे लपायला लागतात. त्यांच्या मागे गोब्रा आणि तांबोशी येतात. जहाजाला धडकून पाण्याचा प्रवाह वर उसळतो, त्याच्याबरोबर तळाचं अन्न वर येतं, म्हणून आजूबाजूला लहान माशांचे थवे घिरट्या घालतात.

इथवर सगळं छान आहे. पण शास्त्रज्ञ इथेच एक अडचणीचा प्रश्न विचारतात. जहाजाभोवती दिसणारे मासे तिथे जन्मले आणि वाढले, की आसपासच्या समुद्रातून तिथे फक्त गोळा झाले? जत्रेत गर्दी दिसली म्हणून गावाची लोकसंख्या वाढली असं आपण म्हणत नाही. तसंच हे. मासे नुसते एका जागी गोळा झाले असतील, तर ते पकडणं उलट सोपं होतं आणि काही वर्षांत आधीपेक्षा कमी मासे उरू शकतात. काही जातींना बुडालेल्या जहाजाचा खरा फायदा होतो, त्यांच्या पिल्लांना आसरा मिळतो. काहींची नुसती जत्रा भरते. म्हणून जहाज बुडवून मासे वाढवू म्हणणाऱ्या कोणालाही पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की त्या जागी मासेमारीवर बंदी असेल का. बंदी नसेल तर वाढ टिकत नाही.

आणि जाळ्यांचं काय? बुडालेल्या जहाजाच्या तुटक्या पत्र्यात, खांबात जाळं अडकलं की मच्छीमाराला ते कापून सोडून द्यावं लागतं. नायलॉन कुजत नाही. ते तिथे लोंबकळत मासे धरत राहतं. धरलेला मासा सडतो, तो खायला खेकडा येतो, तोही अडकतो. कोणीही न ओढलेलं जाळं वर्षानुवर्षं मासेमारी करत राहतं.

आता जहाज कशाचं बनलेलं आहे, हा प्रश्न. लोखंड तर लोखंड, त्याने काय बिघडणार? प्रशांत महासागराच्या मध्यावर पामायरा नावाचं प्रवाळबेट आहे. १९९१ साली तिथे एक मासेमारी जहाज प्रवाळावर चढून बुडालं. जहाज लहान, जागा दुर्गम. पण त्या भागातल्या पाण्यात नैसर्गिक लोह अगदी नगण्य असतं. मोठी जमीन जवळ नाही, माती वाहून आणणारी नदी नाही. प्रवाळाचा सगळा संसार त्या टंचाईवर उभा असतो, कारण लोह नसल्यामुळेच झपाट्याने वाढणारे इतर जीव आवाक्यात राहतात. जहाज गंजू लागलं, लोह सुटू लागलं. मग ऱ्होडॅक्टिस नावाचा, प्रवाळाचा चुलतभाऊ म्हणावा असा, पण दगडी सांगाडा न बांधणारा मऊ जीव जहाजापासून चहूकडे पसरत गेला आणि खऱ्या प्रवाळाला त्याने झाकून टाकलं. जहाजाच्या जवळ त्याचा थर दाट, दूर जावं तसा विरळ. पामायरा ज्यांत मोडतं त्या लाइन बेटांपैकी इतर काहींवर जहाजांच्या अवशेषांभोवतीचं प्रवाळ मरून तिथे काळपट शैवाल आणि जिवाणूंचा थर आला. त्याला शास्त्रज्ञ ‘काळी प्रवाळं’ म्हणतात. पामायराचं जहाज शेवटी तुकडे करून बाहेर काढावं लागलं.

कोकणात पावसाळ्यात प्रत्येक नदीचं तोंड जांभ्या मातीने लाल झालेलं दिसतं. आपल्या किनाऱ्याच्या पाण्याला लोहाचा असा दुष्काळ नाही. त्यामुळे पामायराचा धडा इथे जसाच्या तसा लागू होणार नाही. पण लक्षद्वीपच्या प्रवाळावर एखादं जहाज चढलं, तर तो विचार करावा लागेल. एकच पत्रा एका ठिकाणी आसरा ठरतो आणि दुसरीकडे आजार.

लाकडी जहाजांची तऱ्हा वेगळी. उबदार खाऱ्या पाण्यात टेरेडो नावाचा जीव लाकूड आतून पोखरतो. दिसायला किडा, पण खरं तर तो शिंपल्याच्या कुळातला आहे. लाकडी होड्यांच्या बुडाला दरवर्षी लेप द्यायची पद्धत त्याच्यामुळेच पडली. उघड्यावर पडलेलं लाकूड तो काही वर्षांत संपवतो. बाल्टिक समुद्राचं पाणी त्याला पुरेसं खारट नाही, म्हणून १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेलं ‘वासा’ हे जहाज १९६१ साली जवळजवळ अख्खं वर काढता आलं. आपल्याकडे ते भाग्य नाही. गोव्याजवळच्या सुंची रीफवर सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका पोर्तुगीज काळातल्या जहाजाचे अवशेष आहेत, त्यात राहिलंय ते टेरेडोला न पचणारं: लोखंडी तोफा, नांगर, घडीव दगड, चिनी भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात.

त्या दातांपाशी थोडं थांबू या. दात आफ्रिकेतल्या पाणघोड्याचे आणि भांडी चीनची आहेत. एकाच जहाजाच्या अवशेषांत आफ्रिका आणि चीन शेजारी-शेजारी पडलेत, गोव्याच्या दारात. हिंदी महासागरातला व्यापार असा-असा होता, हे शाळेत वाचणं वेगळं आणि तो एका ढिगाऱ्यात पाहणं वेगळं.

जमिनीवरच्या घरात हे असं मिळत नाही. घर शंभर वर्षं वापरात असतं, वस्तू मोडतात, विकल्या जातात, तांबं-पितळ मोडीत जाऊन पुन्हा वितळतं. जहाज मात्र एका दिवशी, भरल्या मालासकट खाली जातं. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर १९८२ साली स्पंज गोळा करणाऱ्या एका पाणबुड्याने आपल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, सांगितलं की खाली कान असलेली धातूची बिस्किटं पडली आहेत. ते उलुबुरुनचं जहाज निघालं, सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचं. चव्वेचाळीस मीटरहून खोल पाण्यात १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षं, बावीस हजारांवर बुड्या मारून ते खणलं गेलं. त्यात दहा टन तांबं होतं आणि एक टन कथील. कांसं ओतायला नेमकं हेच प्रमाण लागतं, दहाला एक. कोणत्या तरी राजाच्या शस्त्रागाराचा कच्चा माल चालला असावा. सोबत निळ्या काचेच्या लाद्या, आबनूस, हस्तिदंत आणि इथेही पाणघोड्याचे दात.

म्हणून हौशी पाणबुड्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: खाली काही दिसलं तर फोटो काढा, जागा टिपा, पण उचलू नका. समुद्रात शेकडो वर्षं राहिलेल्या लोखंडात मीठ मुरलेलं असतं. वर आणून उन्हात वाळवलं की ते मीठ स्फटिक होऊन धातू आतून फोडतं, तोफ पापुद्र्यापापुद्र्याने झडते. प्रयोगशाळेत मीठ काढून टाकायला महिने, कधी वर्षं लागतात. मातीच्या भांड्याचंही तसंच. शिवाय वस्तू जिथे होती तिथून हलली की ती कशाशेजारी होती ही माहिती जाते. शोभेच्या कपाटातल्या तोफगोळ्यापेक्षा ती माहिती जास्त मोलाची.

आणखी एका कारणासाठी हात आवरावा. बुडालेली जहाजं अनेकदा थडगी असतात. १७ जुलै १९४७ला, गटारीच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबागकडच्या कितीतरी घरांत ती तारीख अजून निघते.

आता तिसरा प्रश्न, पोटात काय आहे. माझ्या मते सगळ्यात गंभीर हाच.

दुसऱ्या महायुद्धात बुडालेली हजारो जहाजं अजून तेल घेऊन पडलेली आहेत. २००५ साली मांडलेल्या एका जागतिक गणतीत तेल असण्याची शक्यता असलेली साडेआठ हजारांवर मोठी जहाजं मोजली गेली, त्यांतली तीन-चतुर्थांश त्या युद्धातली. तेलाचा अंदाज २५ लाख ते २ कोटी टन. त्या वेळी गळलं नाही, मग आता का गळावं? याचं उत्तर गंजात आहे. समुद्राच्या पाण्यात लोखंडाचा पत्रा साधारणपणे वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा झिजतो. वर्षाचा हिशेब क्षुल्लक वाटतो, पण ऐंशी वर्षांत आठ मिलिमीटर होतात, आणि पत्रा असतो एक-दोन सेंटीमीटरचा. त्यातही आधी जातात ते रिव्हेट, सांधे, नळ. शिंपल्यांचं कवच पत्र्यावर बसलेलं असतं तोवर झीज हळू होते. एखादं वादळ किंवा बोटीचा नांगर ते कवच खरवडून गेला की उघडा पत्रा पुन्हा भराभर गंजतो.

‘मिसिसिनेवा’ हे अमेरिकी नौदलाचं तेलवाहू जहाज २० नोव्हेंबर १९४४ला प्रशांत महासागरातल्या उलिथी प्रवाळबेटाच्या आत जपानी पाणतीराने बुडालं. सत्तावन्न वर्षं गप्प पडून होतं. २००१ साली वादळानंतर तेल वर आलं, बेटावरच्या लोकांना मासेमारी थांबवावी लागली. २००३ साली नौदलाने सुमारे ६८ लाख लीटर तेल उपसून काढलं. हे काम करताना पाणबुडे टाकीच्या पत्र्याला बाहेरून झडप बसवतात, झडपेतूनच पत्र्याला भोक पाडतात आणि नळी जोडून तेल वर खेचतात. तेल थंडीने घट्ट झालं असेल तर आधी ते गरम करावं लागतं. काम महाग आहे, पण फुटायच्या आधी केलेलं काम फुटल्यानंतरच्या सफाईपेक्षा सहसा स्वस्त पडतं.

आजच्या जहाजांच्या पोटात तेलापेक्षाही विचित्र गोष्टी असतात. २५ मे २०२५ला कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे कंटेनर जहाज बुडालं. सगळे खलाशी वाचले. जहाजावर ६४० कंटेनर होते, टाक्यांत ३६७ टन फर्नेस ऑइल आणि ८४ टन डिझेल. बारा कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होतं. आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच, पाणी लागलं की ॲसिटिलीन हा पेटणारा वायू सोडणारं. पण केरळच्या वाळूत नंतर बराच काळ सापडत राहिले ते प्लॅस्टिकचे दाणे. प्लॅस्टिकच्या सगळ्या वस्तू ज्यापासून ओततात तो हा कच्चा माल. दिसायला थेट साबुदाणा. ओंजळभर वाळू उचलली तर त्यात पाच-दहा पांढरे दाणे, आणि ते वेचायला स्वयंसेवक चाळण्या घेऊन बसलेले. तेल निदान काळं दिसतं, वास येतो, काळाबरोबर जिवाणू ते थोडं-थोडं खातात. हा दाणा कोणी खात नाही. किंवा खरं सांगायचं तर मासा आणि पक्षी खातात, अंडं समजून, आणि तो पोटात तसाच राहतो. २०२१ साली कोलंबोसमोर ‘एक्स-प्रेस पर्ल’ पेटून बुडालं, तेव्हा असे सुमारे १,६८० टन दाणे त्यावर होते. जुलै २०२५मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात १०० कोटी डॉलर भरपाईचा आदेश दिला.

जहाज काढायचं कोणी, हे आधी ठरलेलं नसेल तर काय होतं ते गोव्याने पाहिलंय. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे प्रचंड जहाज वादळात कांदोळीच्या किनाऱ्याला लागलं आणि २०१२पर्यंत तिथेच सडत राहिलं. किनाऱ्याला एवढा मोठा अडथळा आला की लाटा त्याला वळसा घालतात, वाळू एका जागी साचते आणि दुसऱ्या जागची निघून जाते. बारा वर्षांत जहाज वाळूत रुतत गेलं आणि काढणं दर वर्षी अवघड होत गेलं. आता नैरोबी करार आहे. तो २०१५पासून अमलात आला आणि भारतही त्यात सहभागी आहे. ३०० टनांवरच्या जहाजाच्या मालकाने अवशेष काढण्याच्या खर्चाचा विमा काढलेलाच असला पाहिजे, असं तो सांगतो.

आणि आता आपल्याच दारात एक जहाज मुद्दाम बुडवायची योजना आहे. जानेवारी २०२४मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत म्हणून वापरायचा प्रकल्प महाराष्ट्राने हाती घेतला आहे. मला ही कल्पना आवडते. फक्त दोन जुनी उदाहरणं विसरू नयेत. फ्लोरिडात १९७०च्या दशकात मासे वाढवायला म्हणून सुमारे वीस लाख टायर समुद्रात टाकले. बांधलेले पट्टे तुटले, टायर सुटे झाले आणि प्रत्येक वादळात शेजारच्या खऱ्या प्रवाळावर आदळत राहिले. ते बाहेर काढायचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. तिथेच २००६ साली ‘ओरिस्कानी’ ही विमानवाहू नौका साफ करून बुडवली, तरी केबलींच्या वेष्टनात राहिलेल्या पीसीबी या विषारी रसायनाचे अंश नंतर माशांत सापडले, म्हणून वर्षानुवर्षं नमुने तपासावे लागले. तेव्हा गुलदारच्या बाबतीत विचारायचं ते हेच: रंग, वायरी, तेल यांची सफाई कोणी तपासली, तिच्याभोवती जाळी टाकायला बंदी असेल का आणि दहा वर्षांनी मासे मोजायला कोण येणार आहे.

उलुबुरुनचा शोध एका स्पंजवाल्यामुळे लागला, हे मी वर सांगितलं. पण त्याआधी पुरातत्त्वज्ञ तुर्की किनाऱ्यावरच्या गावांत जाऊन स्पंजवाल्यांशी बोलत होते, काय दिसलं तर कळवा म्हणून सांगत होते. आपल्याकडेही प्रत्येक बंदरात जुन्या तांडेलांना जाळं अडकणाऱ्या जागा पाठ असतात. अमक्या डोंगराचं टोक आणि तमक्या देवळाचा कळस एका रेषेत आला की जाळं वर घ्या, खाली काहीतरी आहे. जीपीएस आल्यापासून पोरांना त्या खुणा पाठ करायची गरज राहिली नाही. त्यांतल्या कितीतरी जागी नुसता खडक असेल. काही जागी नसेल. कोणीतरी वही घेऊन धक्क्यावर बसायला हवं, हे तांडेल आहेत तोवर.